स्योंबुआच्या नंबरवरचं कर्ज

१

कलोंडूचं नाव कर्जबुडव्यांच्या यादीत आहे हे कळलं तो शुक्रवार होता. मुन्याओ अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी बांधत बसला होता. लेक आणि जावई सकाळीच पतसंस्थेत गेले होते. सह्या झाल्या की येताना बोकडाचं मटण आणतो, असं जावई मुस्योकी सांगून गेला होता. फाटक वाजलं तेव्हा कलोंडूचे हात रिकामे होते आणि मुस्योकी तिच्या बराच मागून, खाली बघत येत होता.

"सह्या झाल्या?" मुन्याओने विचारलं.

"नाही. बाबा, ते म्हणतात मी कर्ज बुडवलंय."

"तू कधी घेतलंस कर्ज?"

"तेच मी त्यांना विचारत होते."

जे घर घ्यायचं होतं ते मचाकोसच्या बाहेर, कांगुंडोच्या रस्त्याला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी. म्हातारा मुल्वा ते विकून मोम्बासाला मुलाकडे निघाला होता. कलोंडू शाळेत शिकवायची, मुस्योकी पाणीखात्यात होता. एकाच्या पगारावर ते घर होण्यासारखं नव्हतं, दोघांच्या मिळून झालं असतं. पण पतसंस्थेचा नियम असा, की दोघांपैकी एकाचं जरी नाव यादीत असलं तरी कागद पुढे सरकत नाही. मुल्वाकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलेलं होतं. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, असं त्याने सांगितलं होतं.

"मॅनेजर काय म्हणाला?"

"म्हणाला, फोनवरून घेतलेलं कर्ज आहे आणि व्याज चढत गेलंय. दुसऱ्या कुणी तुमच्या नावावर घेतलं असेल तर त्याचं नाव घालून पोलिसात तक्रार करा, नक्कल आणा, मग मी तुमचा अर्ज उघडा ठेवतो. नाहीतर बंद करतो." कलोंडू पायरीवर बसली. "कुठल्या नंबरवर घेतलंय ते मी विचारलं. त्यांनी शेवटचे आकडे सांगितले. बाबा, तो आईचा नंबर आहे."

मुन्याओच्या हातातली तार तशीच राहिली.

"आईचं ओळखपत्र हरवलं होतं, आठवतं ना? नवीन काही केल्या येईना. म्हणून मी रोडाच्या दुकानातून माझ्या ओळखपत्रावर तिला सिम काढून दिलं. मग ते बदलायचं राहूनच गेलं."

असं घरोघरी होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"मग तिनेच घेतलं असेल," मुन्याओ म्हणाला. "आजारपणात. आपल्याला बोलली नसेल."

"मीही तेच म्हटलं. पण त्यांनी तारीख सांगितली." कलोंडूने नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "जूनमधला तो गुरुवार. आई मंगळवारीच गेली होती, बाबा. गुरुवारी ती शवागारात होती."

२

मुन्याओने उभा जन्म पोलिसात काढला होता, त्यातला बराचसा तपासाच्या खात्यात. लोक अजून त्याला 'अफांडे' म्हणायचे, पोलीस साहेबाला म्हणतात तसं. पण बायको, स्योंबुआ, गेल्यापासून त्याचं डोकं चालत नव्हतं. खुराड्याची जाळीसुद्धा तो दोन दिवस बांधत होता. आता हे समोर आलं, तर सुरुवात कुठून करायची तेच त्याला सुचेना.

स्योंबुआचा फोन पेटीत, तिच्या शालीत गुंडाळून ठेवलेला होता. तिला पुरल्यानंतर त्यानेच तो बंद केला होता. ती खेड्यापाड्यातल्या बायकांकडून घायपाताच्या टोपल्या घेऊन नैरोबीला पाठवायची, धंदा चांगला होता. ती गेल्यावरही गिऱ्हाइकं फोन करत राहिली. दर वेळी नव्याने सांगायचं की ती आता नाही, ते त्याच्याने होईना.

त्याने फोन चार्जिंगला लावला. सुरू झाल्यावर तो थरथरतच राहिला. एकामागून एक संदेश आले, सगळे त्या कर्ज देणाऱ्या कंपनीचे. आधीचे गोड होते, नंतरचे धमकीचे. मुन्याओने दोनचार वाचले आणि फोन पालथा घातला. सिम आतच होतं. म्हणजे कुणी ते काढून नेलं नव्हतं. ज्याने कर्ज घेतलं त्याने फोन वापरला होता आणि गुपचूप परत ठेवला होता.

मुस्योकी खोलीच्या दाराबाहेर उभा होता. तो या खोलीत कधी येत नसे. सासू आणि जावई यांच्यात जी मर्यादा पाळतात ती त्याने कडक पाळली होती. स्योंबुआ होती तेव्हा तो तिच्यासमोर जेवला नाही, तिच्याशी थेट बोलला नाही. काही द्यायचं-घ्यायचं असलं तर ते कलोंडूच्या हातून. ती गेल्यावरही तिचं नाव त्याच्या तोंडून निघत नसे.

तेवढ्यात मुस्योकीची थोरली बहीण मुथेऊ आली. बातमी तिला कुठून कळली कोण जाणे.

"मला वाटलंच होतं," ती टेकायच्या आधीच म्हणाली. "मुस्योकी, मी तुला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं, घर एकट्याच्या नावावर घे. लहान घे, पण आपलं घे."

"ताई, ते कर्ज मी घेतलेलं नाही," कलोंडू म्हणाली.

"नाव तर तुझंच आहे. कंपनीने काय हवेतून काढलं?"

"मी खोटं बोलतेय का?"

"ते तुझं तुला माहीत. कर्ज घेतलेली माणसं असंच म्हणतात, मला नाही माहीत, मी नाही त्यातली."

मुस्योकी दारातून हलला नाही. मुन्याओ मध्ये पडला. "मुथेऊ, त्या आठवड्यात हा फोन कुणाकडे होता?"

"माझ्याकडे. तुम्हाला माहीत नाही का? दुखवट्याची वर्गणी ह्याच नंबरवर येत होती आणि ती गोळा करायचं काम तुम्ही सगळ्यांनी माझ्या गळ्यात घातलं." ती ताठ बसली. "काय विचारायचंय ते सरळ विचारा, अफांडे. मी सगळा हिशेब दिला, चर्चमध्ये उभं राहून दिला. एक शिलिंग कमी निघाला असेल तर सांगा."

"नाही निघाला."

"जावयाचं तेवढं त्यात नव्हतं, ते वर्गणीत मिसळत नाहीत. बोकड, कांबळं आणि पाकीट त्याने तुमच्या हातात दिलं. बाकी सगळं फोनवर आलं. आणि माणसं तरी कशी, पैसे पाठवायच्या आधी दर एक जण मला फोन करतोय, 'नाव कलोंडूचं दाखवतंय, बरोबर आहे ना?' हो बाबा, बरोबर आहे, पाठव. माझा घसा बसला होता सांगून सांगून."

"गुरुवारी फोन तुझ्या हातून कुठे गेला?"

मुथेऊने थोडा विचार केला. मग तिचा आवाज उतरला.

"इस्पितळात. मी बिलाच्या खिडकीशी भांडत होते, तेव्हा जोएलकडे दिला होता."

जोएल हा स्योंबुआचा धाकटा भाऊ. त्याला फुटबॉलच्या सामन्यांवर पैसे लावायची खोड होती, आणि ती सगळ्या मचाकोसला माहीत होती.

३

शनिवारी मुन्याओ आधी रोडाकडे गेला. फोनवरचे पैसे काढायचं-भरायचं तिचं दुकान मॅटाटू गाड्यांच्या थांब्याला लागून होतं.

"वहिनींचा पिन कुणाला माहीत होता?" रोडा हसली आणि मग तिला हसू आल्याचं वाईट वाटलं. "अफांडे, शेवटी शेवटी त्यांना आकडे दिसत नव्हते. त्या खिडकीशी उभ्या राहून मोठ्याने सांगायच्या, रोडा, दाब. थांब्यावरच्या ड्रायव्हरांनासुद्धा पाठ झाला असेल. मी किती वेळा म्हटलं, हळू बोला. तर म्हणायच्या, माझं कोण चोरणार?"

मुन्याओला तिचा तो आवाज ऐकू आल्यासारखा झाला. तो तिथून लवकर निघाला.

जोएल एका टपरीत चपाती आणि चहा घेऊन बसला होता. दाजींना बघताच त्याने समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा दाजी. तुम्ही चालत माझ्याकडे आलात म्हणजे काय ते मला कळलं. कुठे काही गेलं की आधी जोएल."

"मी अजून काही म्हटलेलं नाही."

"चेहऱ्यावर आहे ना." त्याने चपातीचा तुकडा मोडला. "मी पैसे लावतो, हो. स्वतःचे लावतो. बहीण तिथे बर्फात पडलेली असताना तिच्या फोनवरून कर्ज काढून सामन्यावर लावीन, असं वाटतं तुम्हाला?"

"गुरुवारी फोन तुझ्याकडे होता."

"होता. बाकावर ठेवला होता, पिशव्यांच्या मधोमध. मी होतो, मुस्योकी होता, चर्चच्या दोन बायका होत्या. मध्येच मी सिगारेट ओढायला बाहेर गेलो. आता कुणाला वाटलं तर उचलला असेल." तो थांबला. "दाजी, सगळ्यांत आधी पैसे पाठवणारा मी होतो, हे तरी लक्षात ठेवा. बहिणीचं नाव येईल म्हणून बघतो तर भाचीचं आलं. मुथेऊला फोन करून खात्री करून घेतली, मग पाठवले."

मुन्याओ खुर्चीत बसला. बहुतेक जोएल खरं बोलत होता. पण खरं बोलणारी माणसं जसजशी वाढत होती तसतसं त्याला काहीच कळेनासं होत होतं. मुथेऊने एक शिलिंग खाल्ला नव्हता. रोडाने दुकान चालवायचं तर नाव राखणं भाग होतं. आणि ज्याला चोरीच करायची होती त्याच्यासमोर वर्गणीची एवढी रक्कम त्याच फोनवर येत होती. तिला हात न लावता त्याने कर्ज का काढावं?

"बिलाचं काय भांडण चाललं होतं?" त्याने सहज विचारलं.

"पैसे कमी पडत होते ना."

"कमी पडत होते?"

जोएलने मान वर केली. "तुम्हाला कुणीच सांगितलं नाही? बरेच कमी होते. पण तुम्हाला कोण सांगणार, तुम्ही अंगणात दगडासारखे बसला होता. मग दुपारनंतर इस्पितळानेच उरलेलं सोडून दिलं."

"इस्पितळाने सोडलं? तुला कोण म्हणालं?"

जोएलने डोकं खाजवलं. "सगळेच म्हणत होते. मी बाहेरून आलो तर सगळे उठून गाडीकडे निघालेले. सुटलो म्हटलं. त्या वेळी कोण विचारत बसतो, दाजी?"

४

सोमवारी बिलाची खिडकी उघडली तेव्हा मुन्याओ रांगेत पहिला होता. खिडकीतली बाई त्याला ओळखत नव्हती. त्याने स्योंबुआचं नाव आणि महिना सांगितला, आणि म्हणाला, "तुम्ही आमचं राहिलेलं बिल माफ केलंत. आभार मानायचे राहिले होते, म्हणून आलो."

बाईने संगणकात पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिला तो भला माणूस वाटला असावा, कारण ती हलक्या आवाजात बोलली.

"बाबा, कुणी काय सांगितलं माहीत नाही. पण इथे पूर्ण बिल भरल्याशिवाय कुणाला घरी नेता येत नाही. माफ करणं आमच्या हातात नसतं. तुमचं बिल पूर्ण भरलेलं आहे. मोठी रक्कम सकाळी, उरलेली दुपारी."

"दुपारी कुणी भरली?"

"त्याच फोनवरून आली."

मुन्याओ बाहेर येऊन झाडाखाली बसला. ते कर्ज कुठे गेलं ते त्याला कळलं होतं. त्या पैशांनी त्याची बायको शनिवारच्या दफनाच्या आत घरी आली होती. आणि ज्याने हे केलं होतं त्याचा माग तो चोर म्हणून काढत होता.

मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचं डोकं जुन्या वाटेने चालायला लागलं. पैसे खाल्ले नाहीत, मग त्या माणसाने लपवलं का? आणि भल्यासाठी घेतलेलं कर्ज तो फेडायला का गेला नाही? माणूस फेडायला तेव्हाच जात नाही, जेव्हा त्याला वाटतं की मागणारं कुणी उरलं नाही. त्याला वाटलं असणार, नंबर मेलेल्या बाईचा आहे, कर्ज तिच्याबरोबर मातीत गेलं. म्हणजे सिम कलोंडूच्या नावावर आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

पण ते तर सगळ्यांना माहीत होतं. रोडाने सिम दिलं होतं. मुथेऊचा ते सांगून घसा बसला होता. जोएलने तर खात्री करून घेतली होती. चर्चच्या बायकांनी, शेजाऱ्यांनी, ज्याने ज्याने त्या नंबरवर पैसे पाठवले त्या प्रत्येकाला पडद्यावर कलोंडूचं नाव दिसलं होतं. दुखवट्याला पैसे देऊनही ते नाव ज्याला दिसलं नाही असा माणूस एकच होता. त्याने त्या नंबरवर तेव्हा काही पाठवलं नव्हतं आणि आधीही कधी पाठवलं नसणार, कारण त्याने तसं पाठवायचंच नसतं.

त्याचं पाकीट मुन्याओने स्वतःच्या हाताने घेतलं होतं.

५

पाणीखात्याच्या आवारात मुस्योकी फुटलेल्या पाइपाला जोड बसवत होता. सासरा फाटकातून येताना दिसला तसा तो उभा राहिला आणि चिखलाचे हात पाठीमागे घेतले.

"इस्पितळात जाऊन आलो," मुन्याओ म्हणाला. "त्यांनी काही माफ केलेलं नव्हतं."

मुस्योकीने पाना खाली ठेवला. "मी सांगणार होतो, बाबा."

"कधी?"

"शुक्रवारी, तिथेच, पतसंस्थेत. त्यांनी नंबर सांगितला तेव्हा मला कळलं की ते सिम कलोंडूच्या नावावर आहे. मॅनेजर बोलत होता आणि मला काही ऐकूच येत नव्हतं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी वाटत होतं, संपलं ते." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "शनिवार सगळ्यांना कळवून झाला होता. मोम्बासाहून गाड्या निघाल्या होत्या. आणि खिडकीतली बाई म्हणते, देत नाही. तुम्ही अंगणात बसून होता. तुमच्या तोंडात घास जात नव्हता. तुम्हाला येऊन काय सांगू, की आईंना सोडत नाहीत म्हणून?"

"तुमच्याकडे पैसे होते. घरासाठी साठवलेले."

मुस्योकीने हातांचा चिखल पँटला पुसला.

"होते," तो म्हणाला. "ते काढले असते तर घर गेलं असतं. कलोंडू रोज त्या घराचं बोलायची. मला वाटलं, हे कर्ज कुणालाच लागणार नाही, आईही घरी येतील आणि घरही राहील. मी घर वाचवत होतो, बाबा."

आपण रागावलोय की नाही ते मुन्याओला कळेना.

"तू तिच्या फोनला हात लावलास."

"लावला. म्हणूनच इस्पितळाने सोडलं असं सगळ्यांना मीच सांगितलं, खरं कुणाला सांगता येईना. कांबळं आणि बोकड घेऊन अंगणात उभा राहिलो, आणि दोन दिवस आधी सासूच्या फोनवर आकडे दाबले होते. हे जोएलमामांना कळलं असतं तर त्यांनी मला तिथून हाकललं असतं."

"मॅनेजरला तक्रार हवी आहे," मुन्याओ म्हणाला. "तुझं नाव घालून दिली तर कलोंडूचं नाव सुटेल."

"द्या मग."

"दिली की यादीत तू जाशील. कदाचित नोकरीही जाईल. मग घर कुणाच्या पगारावर घेणार? तिच्या एकटीच्या होत नाही, तुझ्या एकट्याच्या होत नाही."

मुस्योकीने मान हलवली. त्याने पाना उचलून पाइपाचा जोड पुन्हा आवळला. त्यातून पाणी झिरपतच होतं.

"मी तिला सांगणार नाही," मुन्याओ जाताना म्हणाला. "तू सांग. आज सांग."

६

त्याने सांगितलं. संध्याकाळी दोघं मुन्याओच्या अंगणात आली तेव्हा कलोंडूचा चेहरा बघूनच मुन्याओला ते कळलं. मुथेऊही मागोमाग आली होती. आज तिने न सांगताच मक्या-घेवड्याचं पातेलं चुलीवर चढवलं.

"बाबा, बिलात पैसे कमी पडत होते हे तुम्हाला माहीत होतं?" कलोंडूने विचारलं.

"नव्हतं. शनिवारी जोएलने सांगितलं."

"मलाही कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी स्वतः कर्ज काढलं असतं, माझ्याच नावाने. आईला आणायला काढलं म्हणून मी कशाला रागावू?" ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "पण शुक्रवारी ताई मला कर्जबुडवी ठरवत होत्या. मी त्यांना शपथेवर सांगत होते. आणि तू त्या दारात उभा राहून ऐकत होतास."

"कलोंडू, मला..."

"शनिवारीही ऐकलंस. काल चर्चमध्ये बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या, तेव्हा माझ्याच शेजारी बसला होतास. घर दोघांच्या नावावर घेणार होतो आपण. मग त्यात मी कुठे होते, ते मला सांग."

मुथेऊ चुलीशी, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. ती म्हणाली, "मी जे बोलले ते मी मागे घेते," पण कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. कलोंडू उठून आत गेली, आईच्या खोलीत, आणि तिने दार लोटून घेतलं.

मुन्याओने तक्रार दिली नाही. त्याने कालवड विकली, मुस्योकीने मोटरसायकल विकली, आणि आठवडा संपायच्या आत कंपनीचे पैसे व्याजासकट चुकते केले. कंपनी म्हणाली, नाव यादीतून निघायला वेळ लागतो, किती ते सांगता येत नाही. मॅनेजर म्हणाला, नाव निघालं की या, तोवर मी काही करू शकत नाही. मुन्याओ स्वतः मुल्वाकडे जाऊन बसला. म्हाताऱ्याने त्याला चहा पाजला, स्योंबुआच्या टोपल्या किती टिकायच्या ते सांगितलं, आणि घराबद्दल हो किंवा नाही यांतलं काहीच बोलला नाही.

रविवार आला आणि गेला. मुल्वाने घर अजून विकलेलं नाही, थांबतो असंही म्हटलेलं नाही. कलोंडूचं नाव अजून यादीत आहे आणि ती अजून बापाकडेच राहते. मुस्योकी रोज कामावरून फाटकापर्यंत येतो, तिने त्याला आत बोलावलेलं नाही. आणि बायकोला वेळेत घरी आणल्याबद्दल मुन्याओने जावयाचे आभार अजून मानलेले नाहीत.